वर्गातली उमेदवारी

जुन्नरहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता आपटाळे आणि चावंड मागे टाकून जीवधनच्या पायथ्याशी येतो, तेथे घाटघर हे गाव आहे. अकोल्याकडील जलविद्युत प्रकल्पाचे घाटघर ते हे नव्हे. हे घाटघर नाणेघाटाच्या माथ्यावरचे. गावापुढे जमीन अचानक संपते आणि खाली कोकण दिसू लागते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरातून निघालेला माल बैलांच्या पाठीवरून या चिंचोळ्या खिंडीतून वर येत असे व पुढे जुन्नरच्या बाजारात पोहोचत असे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आजही आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरा सांगते. व्यापारी कुळातल्या कोणाही माणसाने तेथे क्षणभर थांबून आपल्या धंद्याचे पूर्वज आठवावेत, अशी ती जागा आहे.

थोडे खाली उतरले की सातवाहनांचे लेणे लागते. सम्राज्ञी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख त्याच्या भिंतींवर आहे. यज्ञ कोणते केले, दक्षिणा किती दिली, गाई किती, घोडे किती, कार्षापण किती, याचा तो तपशील. दान आणि हिशेब एकत्र नोंदवण्याची आपल्याकडील सवय किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ मध्ये या लेखातील अंकचिन्हांवर निबंध प्रसिद्ध केला आणि भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाला कायमचे स्थान मिळाले. या लेखात शून्य नाही. दहासाठी, शंभरासाठी, हजारासाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडलेले आहे. स्थानमूल्याची आजची पद्धत येथे आढळते असे कधी कधी उत्साहाने सांगितले जाते, ते बरोबर नाही. परंतु तेच तर गणिताच्या शिक्षकाचे भाग्य! शून्य नसताना बेरीज कशी करीत असतील, हा प्रश्न सातवीच्या मुलांपुढे ठेवण्यासाठी याहून चांगली जागा महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही.

प्रश्न इतकाच आहे, की तो ठेवणार कोण?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा सांगतो, की सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शाळेत विज्ञान व गणित शिकवणारा किमान एक शिक्षक असावा. पहिली ते पाचवीची पटसंख्या साठपर्यंत असेल तर त्या साऱ्या वर्गांना मिळून दोन शिक्षक मिळतात. डोंगराळ भागातल्या लहान गावांत याचा अर्थ असा होतो, की एकच गुरुजी एका कोपऱ्यात पहिलीला अक्षरे गिरवायला लावतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात चौथीला भागाकार समजावतात. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतून पुढे आश्रमशाळेत जातात. तेथील शिक्षक कामात कमी पडतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याने स्वतः प्रयोगशाळेत तीन वर्षे काढली आहेत, ज्याला रसायनांचा वास आणि सूक्ष्मदर्शकातले दृश्य प्रिय आहे, असा पदवीधर या वर्गांपर्यंत क्वचितच पोहोचतो. तो दुसरीकडेच निघून जातो.

कोठे जातो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव येथील किंवा पुण्यामुंबईतील जैन व्यापारी घरांत आज विज्ञानाचे पदवीधर आहेत. भौतिकशास्त्र घेतलेला मुलगा दोन वर्षे स्पर्धापरीक्षा देतो आणि नंतर दुकानात बसतो. रसायनशास्त्र घेतलेला औषधांच्या घाऊक व्यापारात जातो. प्राणिशास्त्राकडे जाताना पूर्वी विच्छेदनामुळे घरचेच अडवीत; विद्यापीठ अनुदान आयोगाने टप्प्याटप्प्याने ते कमी करीत आणून २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून बंद केले, त्यामुळे ती अडचणही उरली नाही. आणि मुलगी? तिने बी.एस्सी. नंतर बी.एड. केले तर घरात समाधान असते, कारण परिचयपत्रात ते शोभून दिसते. तेच मुलाने करतो म्हटले, की बैठकीत शांतता पसरते. एकच पदवी मुलीच्या बाबतीत सोय आणि मुलाच्या बाबतीत माघार ठरते. यात शिक्षकाच्या कामाचा विचार दोन्ही वेळी झालेला नसतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वास्तविक हा निर्णय घ्यावा कसा, याची उत्तम रीत व्यापारी घराण्यांजवळच आहे. पेढीवर कोणी एकदम गादीवर बसत नाही. आधी उमेदवारी करावी लागते. मालाच्या थप्प्या मोजाव्या लागतात, उधारीची वही लिहावी लागते, बाजारच्या दिवशी गिऱ्हाइकाचा राग सोसावा लागतो. सहा महिन्यांत मुलाचा स्वभाव कळतो. त्याला स्वतःलाही कळतो. कपड्याच्या दुकानात ज्याचा जीव गुदमरतो तो कधी यंत्रांच्या सुट्या भागांत रमतो, आणि वडील ते ओळखतात. शिक्षकी पेशाच्या बाबतीत मात्र ही उमेदवारी आपण देतच नाही. पदवी झाल्यावर, इतर वाटा बंद झाल्यावर, बी.एड. च्या प्रवेशाचा अर्ज भरला जातो आणि खडू हातात पहिल्यांदा येतो तो पाठनिरीक्षणाच्या दिवशी. तोपर्यंत वय बावीस-तेवीस झालेले असते, आणि आवड आहे की नाही हे तपासण्याची वेळ निघून गेलेली असते.

हा क्रम उलटा करून पाहिला तो अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाने, ऑस्टिन येथे. १९९७ मध्ये तेथे सुरू झालेल्या ‘यूटीच’ या कार्यक्रमाची कल्पना साधी होती. विज्ञान आणि गणिताच्या विद्यार्थ्यांना पदवीच्या आरंभीच, शिक्षक व्हायचे ठरलेले नसतानाही, शाळेच्या वर्गात उभे करायचे. तेही माध्यमिक नव्हे, आधी प्राथमिक शाळेच्या वर्गात. लहान मुले नवख्याला सांभाळून घेतात आणि त्यांच्यापुढे विषयाची भीतीही वाटत नाही. अनुभवी शिक्षक मागे बसून पाहतात, पाठ आधी तपासून देतात. ज्याला गोडी वाटली तो पुढच्या पायरीवर जातो. ज्याला वाटली नाही तो आपल्या विषयाकडे परततो, आणि त्याचे काहीही वाया गेलेले नसते. विज्ञानाची पदवी आणि शिक्षकाचे प्रमाणपत्र हे दोन्ही एकाच काळात पूर्ण होते. पुढे अमेरिकेतील इतर अनेक विद्यापीठांनी ही रीत उचलली. इंग्लंडमध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग आणि ह्यू मेसन यांनी २००२ मध्ये अशीच एक योजना सुरू केली. विद्यापीठातील विज्ञानाच्या विद्यार्थ्याने शाळेत शिक्षकाला साहाय्य करायचे आणि त्या कामाचे गुण त्याच्या पदवीत मिळवायचे.

परदेशाची उदाहरणे घेतली म्हणजे आपल्याकडे काही झालेच नाही, असे मुळीच नाही. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महानगरपालिकेच्या शाळांत विज्ञान शिकवण्याच्या प्रयत्नांत भाग घेतला आणि त्यातूनच १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. या केंद्राने आपल्या जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठीही काम केले. मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांपासून जो विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात विद्यापीठांतील प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी खेड्यांतील वर्गांत जाऊन बसत. चार-चार मुलांच्या टोळ्या करून प्रयोग होत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे, कारण उत्तर पुस्तकात नसून प्रयोगात असे. तीस वर्षे चालून २००२ मध्ये तो कार्यक्रम शासनाने बंद केला. बंद झाला म्हणून तो फसला असे म्हणता येत नाही. तेथे घडलेली माणसे पुढे देशभर पसरली.

त्यांपैकी एक पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी. चे अभियंता, पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात मोटारी बनवीत होते. १९७८ मध्ये कंपनीतून वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादला गेले. तेथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्याच साहित्यातून त्यांनी त्रिकोण, चौकोन आणि घन आकार जोडण्याची युक्ती काढली. पुढे मोटारी मागे पडल्या. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या जीवनाला वळण दिले ते एका रजेने. आधी नोकरी सोडायची आणि मग आवड शोधायची, असा आतताईपणा त्यांनी केला नव्हता, ही गोष्ट व्यापारी मनाला नक्कीच पटेल.

पुण्याच्या आयसर संस्थेत विद्यार्थ्यांनीच चालवलेला ‘दिशा’ नावाचा उपक्रम आहे. भावी संशोधक म्हणून निवडलेली ही मुले आसपासच्या वस्त्यांतील मुलांना शिकवायला जातात. ही संस्था उभी राहण्यामागे ज्यांचा विचार होता, त्यांत वि. गो. भिडे यांच्याबरोबर गोविंद स्वरूप यांचे नाव घेतले जाते, आणि गोविंद स्वरूप म्हटले की पुन्हा जुन्नर तालुक्यातच यावे लागते. नारायणगावजवळ खोडद येथील त्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तेथे प्रदर्शन भरते. शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आपापले प्रयोग मांडून बसतात आणि दिवसभर गावोगावच्या लोकांना समजावून सांगतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. म्हणजे ज्या दोन तालुक्यांत जगाच्या नकाशावरची दोन वेधस्थाने आहेत, त्याच तालुक्यांच्या पश्चिम टोकाला सातवीच्या मुलाला घनता म्हणजे काय हे सांगायला माणूस हवा आहे.

प्रदर्शनात बोलणे आणि वर्गात शिकवणे यांत अंतर आहे, तेही सांगितले पाहिजे. प्रदर्शनातला श्रोता दोन मिनिटांत पुढच्या टेबलाकडे जातो. त्याला कळले की नाही, हे कधीच समजत नाही. वर्गातली मुले मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर बसलेली असतात. काल जे ‘समजले’ म्हणाली, ते आज आठवत नसल्याचे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसते. शिक्षक घडतो तो त्या दुसऱ्या दिवशी.

असा एक तास कल्पून पाहावा. द्वितीय वर्षाला असलेला, भौतिकशास्त्राचा चांगला विद्यार्थी घाटघरसारख्या गावच्या शाळेत फळ्यापुढे उभा आहे. त्याने ‘घनता’ असा शब्द लिहिला, वस्तुमान भागिले आकारमान हे सूत्र लिहिले, एकके लिहिली. मुले शांत आहेत. ही शांतता आदराची असते, आकलनाची नव्हे. परंतु नवख्याला ती यशाची वाटते. उदाहरण घातल्यावर सगळे उघडे पडते. रात्री त्याला वाईट वाटते. सकाळी तो मुलांना विचारतो, भाताचे बी पेरण्याआधी घरी काय करता? आणि वर्ग बोलू लागतो. मिठाच्या पाण्यात बी टाकतात, पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकतात. कृषी खात्याची शिफारसही तीच आहे: दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, म्हणजे तीन टक्क्यांचे द्रावण, तरंगणारे हलके बी काढायचे, तळाला राहिलेले भरीव बी धुऊन सावलीत वाळवून पेरायचे. साध्या पाण्यात का नको, मीठ कशाला, हा प्रश्न मग मुलांनाच पडतो. साध्या पाण्यात काही हलके दाणेही बुडतात. मिठाने पाणी जड झाले की ते वर येतात. घनता तेथेच होती, फक्त तिचे नाव ठाऊक नव्हते. आणि विद्यार्थ्याच्याही ध्यानात येते, की परीक्षेत पूर्ण गुण मिळवूनही आपण ही संकल्पना आजवर हाताळलेली नव्हती.

घाटघरचा परिसर अशा पाठांनी भरलेला आहे. पावसाळ्यात नाणेघाटाच्या कड्यावरून पडणारे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते. पर्यटक ते पाहायला गर्दी करतात आणि येथे गुरुत्वाकर्षण चालत नाही असे एकमेकांना सांगतात. गुरुत्वाकर्षण व्यवस्थित चालते. पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा उभ्या कड्याला धडकून वर वळतो आणि पाण्याचे बारीक थेंब स्वतःबरोबर वर नेतो; मोठे थेंब खालीच पडतात. थेंबाचा आकार आणि वाऱ्याचा वेग यांचे नाते तेथील मूल रोज अंगावर घेत असते.

किंवा हिरड्याचेच पाहावे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी कुटुंबांना बाळहिरड्यातून रोख पैसा मिळतो आणि तो माल विकत घेण्याच्या व्यवहारात व्यापारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. व्यापाऱ्याला हिरड्याची प्रत कळते. झाड कोणते, कधी तोडावे आणि कसे वाळवावे हे मुलाला कळते. त्यात टॅनिन असते, त्यामुळेच तो चामडे कमावण्याच्या व रंगाच्या धंद्यात जातो, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कळते. हिरड्याच्या काढ्यात गंजलेले खिळे टाकून ठेवले की काढा काळा पडतो. ती शाई आहे, तिने कागदावर लिहिता येते. चामड्याचा उल्लेख आपल्या वाचकांना रुचणार नाही, पण माल कोठे जातो हे माहीत नसण्यापेक्षा माहीत असणे बरे. ज्या मुलाच्या आईने गोळा केलेला हिरडा एखाद्याच्या आजोबांच्या वजनकाट्यावर मोजला गेला, त्या मुलाला त्याच हिरड्याचे रसायन त्या नातवाने शिकवावे, यात व्यवहाराची एक जुनी बाकी थोडी फिटते. तो हिशेब कोणत्या वहीत मांडायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दानाचे चार प्रकार आपल्या परंपरेत सांगितले आहेत: आहारदान, औषधदान, शास्त्रदान किंवा ज्ञानदान, आणि अभयदान. पहिल्या दोहोंत समाजाचा हात कधी आखडला नाही. पांजरपोळांच्या रूपाने चौथेही चालते. ज्ञानदानाचे बाबतीत मात्र आपण बहुधा इमारत देतो, वह्या देतो, संगमरवरी पाटी लावतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी माणूस दिला. १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन घराण्यात जन्मलेल्या भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव हिंडले. खेड्यांची स्थिती त्यांनी पाहिली ती या विक्रेत्याच्या फिरतीत. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि शाळा काढायच्या तर शिक्षक आधी हवेत हे ओळखून १९३५ मध्ये साताऱ्याला ग्रामीण शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी हेही जैन घराण्यातले, उदयपूरचे. १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी पहिली दहा वर्षे प्रत्येक विद्यार्थ्याला विज्ञान व गणित असावे असा आग्रह धरला. पैशाचे व्यवहार जाणणाऱ्या समाजातून असे शिक्षक निघाले आहेत, त्यामुळे ही वाट आपल्याला परकी नाही.

आता पैशाबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण घरात पहिला प्रश्न तोच निघतो. महाराष्ट्रात अनुदानित शाळेत लागणाऱ्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी १६,००० रुपये, माध्यमिकसाठी १८,००० रुपये आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये आहे. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. भरती पवित्र पोर्टलद्वारे होते आणि तिला विलंब लागतो. बी.एड. दोन वर्षांचे आहे. हे सगळे पाहता कर्ज डोक्यावर असलेल्या घरातील मुलाला ही वाट कठीण आहे, आणि त्याला त्याग शिकवायला जाणे शहाणपणाचे नाही. परंतु ज्या घरी दुकान आहे, भाऊ गादी सांभाळतो आहे, राहते घर स्वतःचे आहे, तेथे तीन वर्षांचे मानधन हा अडसर कसा ठरतो? नव्या शाखेसाठी तीन वर्षे तोटा धरून चालणारी घरे हीच आहेत. आपला मुलगा ‘मास्तर’ झाला तर सोयरिकीत काय म्हणतील, ही खरी अडचण असते. पैशाचे कारण पुढे केले जाते, कारण ते बोलायला सोपे असते.

बारावीनंतर लगेच ज्याचे ठरलेले आहे त्याच्यासाठी वेगळा मार्ग आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान अर्हता व्हावी असे ठरले असून २०२३-२४ पासून देशातील निवडक संस्थांत बी.एस्सी.-बी.एड. असा जोड अभ्यासक्रम सुरू झाला आहे. त्यापूर्वीही भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना असा अभ्यासक्रम अनेक वर्षे उपलब्ध होता. आपल्याकडे तो फारच थोड्यांना ठाऊक होता. पण चार वर्षांची बांधिलकी अठराव्या वर्षी पत्करण्याआधीही उमेदवारी हवीच. नव्या धोरणातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्क आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक ठेवलेले आहेत. ते पूर्ण करण्यासाठी विद्यार्थी ओळखीच्या कंपनीचे प्रमाणपत्र मिळवतात. महाविद्यालयाने मान्यता दिली तर तेच तास एखाद्या शाळेत भरून काढता येतील.

आणि त्याआधीची पायरी तर घराजवळच आहे. रविवारी स्थानकात किंवा मंदिरात पाठशाळा भरते. नवकार मंत्र आणि सामायिकाचे पाठ लहानांना देणारी ताई किंवा दादा बहुधा महाविद्यालयातच शिकत असतात. पाच वर्षांची मुले कशी शांत बसवायची, न येणाऱ्याला कसे सांभाळायचे, एकाच गोष्टीला तिसऱ्यांदा नवीन कसे करायचे, हे त्यांना येते. पाठशाळेच्या संचालकांनी अशा मुलामुलींची नावे आठवून पाहावीत. त्यांत विज्ञानाचे किती आहेत, हे पाहिल्यास आश्चर्य वाटेल.

घाटघरसारख्या ठिकाणी जायचे तर काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. मुख्याध्यापकांची आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी. एका दिवसासाठी जाऊन खाऊ व वह्या वाटून परत येऊ नये. त्याने मुलांना पाहुण्यांची सवय लागते, विज्ञानाची नव्हे. एकाच वर्गाबरोबर निदान आठ-दहा दिवस राहावे. पहिले दोन दिवस मागच्या बाजूला बसून तेथील गुरुजी कसे शिकवतात ते पाहावे. ते दोन वर्ग एका खोलीत चालवतात, ही कला प्रयोगशाळेत शिकवत नाहीत. नंतर एकच संकल्पना घ्यावी आणि तिच्याशीच राहावे. परीक्षा संपून पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वीचे महाविद्यालयाचे मोकळे दिवस शाळेच्या कामाच्या दिवसांत येतात. ते यासाठी योग्य. पावसाळ्यात धुके आणि निसरड्या वाटा असतात, नवख्याने तो काळ टाळावा.

मुलाच्या जेवणाचे काय, हे आई विचारणारच. गावात भात, नाचणीची भाकरी, वरण मिळते. कांदा-लसूण आणि जमीनकंद वर्ज्य असल्याचे नम्रपणे सांगितले तर कोणी मनावर घेत नाही, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणे तेथे शहरापेक्षा सोपे आहे. उकळलेले पाणी स्वतः करून घ्यावे. ते का उकळतो, हा मुलांसाठी जिवाणूंवरचा एक पाठच होईल. यजमानांच्या चुलीवर काय शिजते याकडे मात्र नाक मुरडू नये. पाहुण्याच्या तोंडावरचा तो भाव मुलांच्या लक्षात राहतो आणि मग त्याने शिकवलेले काहीच राहत नाही.

बॅगेत फार काही न्यावे लागत नाही. तीनशे ग्रॅम मीठ, एक लहान वजनकाटा, मोजपात्र, भिंग, आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि मूठभर गंजलेले खिळे. हिरडा तेथेच मिळेल, तो नेण्याची गरज नाही. नाणेघाटातल्या अंकांचा तक्ता वहीत उतरवून न्यावा. लेण्याकडे मुलेच घेऊन जातील, वाट त्यांना पाठ आहे.